खंडेनवमीला सोडलेली तार

नवनाथ गिते यानं आयुष्यात कधी कुठल्या गाडीचं वाईट चिंतलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढचं ऐकलं की तुम्ही त्याला नावं ठेवणार. ठेवा खुशाल, पण खंडेनवमीच्या संध्याकाळी त्यानं जे केलं ते भक्तिभावानं केलं, आणि घोळ झाला तो तिथंच.

चाकणला, खराबवाडीच्या अंगाला एक मोठी शेड आहे. कंपनीतून कोऱ्या डिझेल व्हॅन तिथं येतात. आत बाकं, कपाटं, दिवे, पंखे बसले की कुणाची शाळेची गाडी होते, कुणाचा फिरता दवाखाना. नवनाथ तिथं अकरा वर्षं ड्रायव्हर होता, पण कंत्राटावर. ठेकेदार तीन बदलले, ओळखपत्रं चार झाली. दर अकरा महिन्यांनी पंधरा दिवस घरी बसवायचे आणि सोळाव्या दिवशी नवा माणूस म्हणून परत घ्यायचे. पाटोद्याहून आलेला हा गडी पन्नाशीला टेकला तरी कागदावर दरवर्षी नवाच. यंदा मात्र शेडचे मॅनेजर निरंजन साहेब यांनी त्याला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं की दसऱ्याच्या मुहूर्तावर कायम केल्याचं पत्र देणार. कायम! हा शब्द त्यानं मोशीच्या भाड्याच्या खोलीत बायकोला, तनुजाला, तीनदा म्हणून दाखवला होता. तिनं तेव्हाच नारळ आणून देवापुढे ठेवला होता.

खंडेनवमीला शेडमध्ये नेहमीची पूजा झाली. पाने, ड्रिल, वेल्डिंगची मशिनं पुसून मांडली, झेंडूचे हार घातले, मेन स्विच बंद केला आणि चारच्या सुमाराला सगळे घरी गेले. नवनाथ मागं राहिला. तरुणपणी तो बीडकडे भैरूअण्णांच्या ट्रकवर होता. उसाच्या खेपा करायचा. त्या अण्णांचा नेम असा की खंडेनवमीला यंत्राला खरी विश्रांती द्यायची. नुसती चावी काढून भागत नाही. बॅटरीची तार सोडायची, रात्रभर सुटी ठेवायची आणि दसऱ्याच्या सकाळी आंघोळ करून जोडायची. मधली वर्षं नवनाथनं हा नेम सोडून दिला होता. पण यंदा पत्र यायचं होतं. यंदा कशात उणं राहायला नको, असं त्याला वाटलं. म्हणून त्यानं त्याच्या ताब्यातल्या गाडीला हळदकुंकू वाहिलं, दहा नंबरचा पाना घेतला आणि बॅटरीची काळी तार सोडली.

भिंतीवर पाटी होती, इलेक्ट्रिशियनला विचारल्याशिवाय बॅटरीला हात लावू नये. नवनाथनं ती हजारदा वाचली होती. पण पाटी कामाची असते आणि पूजा पूजेची, इतका सरळ हिशेब त्यानं केला. सकाळी सातच्या आत येऊन त्यानं तार जोडली. गाडीतलं घड्याळ बारावर येऊन थांबलं होतं, ते मोबाइल बघून नीट लावलं आणि हात जोडले.

साडेआठला सगळे जमले. पेढे वाटले, आपट्याची पानं दिली-घेतली, आणि निरंजन साहेबांनी चौघांदेखत नवनाथच्या हातात पाकीट ठेवलं. त्यानं ते उघडून पाहिलंसुद्धा नाही. घडी मोडू नये अशा बेतानं शर्टाच्या खिशात ठेवलं आणि वर हात ठेवला.

याच वेळी तिकडे नदीम त्याच गाडीला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचायचं यंत्र, लावत होता. नदीम म्हणजे शेडचा इलेक्ट्रिशियन, चाळिशीचा, कुदळवाडीत वाढलेला. त्याचे वडील नूरमोहम्मद यांचं तिथं गॅरेज होतं. शेडमधल्या वायरिंगची इंचन्‌इंच माहिती याला, आणि नवनाथशी डबा वाटून खाणारा एकमेव माणूसही हाच. गाडी दुसऱ्या दिवशी सरकारी तपासणीला जायची होती. डोळे तपासायचा फिरता दवाखाना होता तो. जायच्या आधी शेवटची नजर टाकावी म्हणून त्यानं स्कॅनर जोडला आणि बघतच राहिला. मग त्यानं साहेबांना हाक मारली.

आता हे काय प्रकरण ते सांगतो, कारण नवनाथलाही ते तेव्हाच कळलं. हल्लीच्या डिझेल गाडीत एक कॉम्प्युटर असतो. गाडी चालता चालता तो स्वतःच्या पाच गोष्टी तपासत असतो: धुरातली काजळी अडवणारी जाळी ठीक आहे का, धूर हुंगणारे सेन्सर ठीक आहेत का, वगैरे. एकेक तपासून झाली की तिच्यापुढे ‘तयार’ लिहितो. पाचही तयार असल्याशिवाय तपासणीवाले गाडीकडे बघत नाहीत. आणि बॅटरीची तार सुटली की हा कॉम्प्युटर सगळं विसरतो. पाचांपुढे ‘बाकी’ येतं. स्कॅनरनं मुद्दाम पुसलं तरी तसंच होतं. काही लबाड लोक गाडीतला दोष लपवायला तपासणीच्या तोंडावर असंच पुसतात, म्हणून ‘बाकी’ दिसलं की तपासणीवाल्यांना पहिला संशय येतो तो लबाडीचा. काल दुपारपर्यंत या गाडीचे पाचही तयार होते आणि आज पाचही बाकी.

निरंजन साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी गाडीत डोकावून घड्याळ बघितलं. घड्याळ बरोबर होतं, म्हणजे बॅटरी निघालेली नाही, असं ते स्वतःशीच म्हणाले. ते घड्याळ सकाळी नवनाथनंच लावलेलं होतं. मग साहेब नदीमकडे वळले. स्कॅनर कुणाच्या कपाटात असतो? नदीमच्या. किल्ली कुणाकडे? नदीमकडे. साहेबांनी आवाज चढवला नाही, तेच जास्त वाईट होतं. म्हणाले, आधी गाडी तयार करून आणा, दोघं जा, पाचच्या आत परत या. कुणी पुसलं ते संध्याकाळी बघू. पुसणाऱ्याला मी ठेवणार नाही.

हीच वेळ होती बोलायची. नवनाथला ते कळत होतं, अगदी स्वच्छ कळत होतं. साहेब, तार म्या सोडली होती, एवढी पाच शब्दांची गोष्ट. पण ‘ठेवणार नाही’ हे कानात घुसलं आणि त्याची जीभ टाळ्याला चिकटली. खिशातलं पाकीट त्याला शर्टाच्या कापडातून टोचायला लागलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तो त्या क्षणी त्याच्या मानगुटीवर बसला आणि दिवसभर उतरला नाही.

गाडी रात्रभर उभी होती, इंजिन गार होतं, ते बरंच होतं. नदीमनं नियम समजावून सांगितले. गार इंजिन चालू करून आधी उभ्या जागीच पाच मिनिटं चालू ठेवायचं. मग गावातून थांबत, निघत जायचं. मग हायवेला सत्तरच्या वेगानं वीस मिनिटं, काटा हलू द्यायचा नाही. शेवटी ऐंशीवर न्यायची, पाय काढायचा आणि गिअरमध्येच तिसापर्यंत आपोआप उतरू द्यायची. ब्रेकला पाय लावायचा नाही. असं तीनदा. आणि काहीही झालं तरी मध्ये इंजिन बंद करायचं नाही. एखादी पायरी तुटली तर ती पहिल्यापासून करायची.

नवनाथनं मान हलवली. इंजिन चालू करून त्यानं घड्याळ बघत पाच मिनिटं मोजली.

चाकणच्या चौकात दसऱ्याची गर्दी होती. कंपन्या बंद म्हणून कंटेनर कमी, पण झेंडूचे ढीग, नव्या दुचाकींना हार घालून मिरवणारी पोरं, आपट्याच्या फांद्या विकणाऱ्या बायका. थांबत, निघत जायला याहून चांगली जागा नाही. मार्केट यार्डापुढं यायच्या आतच नदीमच्या मांडीवरच्या स्कॅनरवर पहिलं ‘तयार’ आलं. झालं एक, तो म्हणाला. नवनाथला बरं वाटलं, आणि लगेच बरं वाटल्याची भीती वाटली.

राजगुरुनगरचा बायपास लागला. रस्ता मोकळा झाला. त्यानं काटा सत्तरवर आणून तिथंच धरला. नदीम इतका वेळ गप्प होता, तो बोलायला लागला, आणि तो गप्प होता तेच बरं होतं असं नवनाथला वाटलं. नदीम म्हणाला की साहेबांचा दोष नाही, स्कॅनर माझ्याच ताब्यात असतो. आपण काल निघण्याआधी मागचे दिवे बघताना स्कॅनर लावला होता का, काही दाबलं होतं का, हेच तो सकाळपासून आठवत होता. घरी बायकोला, हसीनाला, फोन करून विचारलं होतं की मी काल संध्याकाळी फार थकलेला दिसलो का. अफरीनची, म्हणजे मुलीची, आकुर्डीच्या कॉलेजातली परीक्षा तोंडावर आहे, घरात हे सांगायचं कसं, तेही कळत नव्हतं. बोलता बोलता तो थांबला आणि नवनाथकडे वळून बसला.

“माझाच हात लागला असेल का रे, भावा?”

नवनाथनं रस्त्यावरची नजर काढली नाही. काटा सत्तरवर होता.

“असंल बी,” तो म्हणाला.

कसं गेलं ते तोंडातून, देव जाणे. त्याला म्हणायचं होतं ‘नाही’. निदान ‘मला काय ठाऊक’ तरी. पण भ्यालेल्या माणसाची जीभ त्याची राहत नाही, ती भीतीची होते. नदीमनं मान खाली घातली आणि स्वतःशीच मुंडी हलवत राहिला, आपल्यालाच आपली चूक पटल्यासारखा. त्या मुंडी हलवण्याकडे नवनाथला बघवेना. आत्ता सांग, आत्ता सांग, असं तो प्रत्येक किलोमीटरच्या दगडाला स्वतःला म्हणत होता आणि दगड मागं पडत होते. दुसरं तयार झालं, तिसरं झालं, घाट ओलांडून मंचरच्या अलीकडे चौथंही झालं. उरलं ते एकच, काजळीच्या जाळीचं. त्याला ती शेवटची पायरी हवी होती, ऐंशीवरून तिसावर, ब्रेकशिवाय.

आणि नवनाथच्या डोक्यात एक वाईट विचार हळूच येऊन बसला होता. हे पाचवं झालं की गाडी तयार. गाडी तयार झाली की साहेबांचा राग उतरणार. राग उतरला की कोण कशाला विचारतंय? नदीमलाही काही होणार नाही, आपल्यालाही नाही. सांगायची गरजच पडणार नाही. तर हे पाचवं झालंच पाहिजे, कसंही करून. भीतीनं त्याला असा धागा दिला होता आणि तो त्याला दोन्ही हातांनी धरून लोंबकळत होता.

पहिल्यांदा ऐंशीवरून तिसावर नीट उतरली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा त्यानं अवसरी फाट्याच्या पुढे ऐंशी गाठली, पाय काढला. गाडी उतरायला लागली. पंच्याहत्तर, सत्तर, पासष्ट. मागं पुढं कुणी नव्हतं. डाव्या बाजूला झेंडूची पोती उतरवलेली होती आणि तिथून एक बाई डोक्यावर फुलांचं गाठोडं घेऊन रस्त्यावर आली.

ती त्याला दिसली. हे महत्त्वाचं आहे, म्हणून सांगतो. ती त्याला चांगली लांबून दिसली. म्हातारीच होती, गाठोड्यामुळे मान वळवता येत नसावी. नवनाथचा पाय ब्रेकवर गेला आणि वरच थांबला. जाईल पलीकडे, तो मनात म्हणाला. साठ. जाईल. अठ्ठावन्न. ती रस्त्याच्या मध्यावर आली आणि गाडीचा आवाज ऐकून जागच्या जागी थिजली. तरी पाय वरच.

“ब्रेक मार! नवनाथ, ब्रेक!” नदीम ओरडला. तो नुसता ओरडला नाही, त्यानं मांडीवरचा स्कॅनर टाकून दोन्ही हात पुढं केले होते.

तेव्हा कुठं पाय खाली गेला. चाकं किंचाळली, गाडी आडवी झाली, मागच्या कपाटांची दारं धाडधाड उघडली. गाडी थांबली तेव्हा म्हातारी रस्त्यावर बसलेली होती आणि तिच्या साडीचा पदर बंपरला घासत होता. मधलं अंतर हातभर असेल नसेल. झेंडू सगळीकडे सांडला होता.

नदीम दार उघडून धावला. नवनाथ जागचा हलला नाही. इंजिन चालू होतं, ते बंद करायचं नव्हतं, म्हणून तो बसून राहिला असं त्यानं स्वतःला सांगितलं. खरं तर त्या म्हातारीसमोर जायची त्याची हिंमत नव्हती. काचेतून त्याला दिसत होतं की नदीमनं म्हातारीला उठवलं, हातपाय चाचपले, पाणी पाजलं. तिला लागलं नव्हतं. उठल्यावर तिनं नवनाथच्या सात पिढ्यांचा असा काही उद्धार केला की पोत्यांपाशी उभे असलेले गडीसुद्धा बघत राहिले. नदीमनं खाली बसून सगळी फुलं गोळा केली, गाठोडं बांधून दिलं, तिला हाताला धरून रस्ता ओलांडून दिला.

परत येऊन बसला तेव्हा त्याचाही श्वास लागला होता. तो म्हणाला की सणाचं जागरण झालं असेल, डोळा लागला असेल तुझा, होतं असं. पाणी पी. घाबरू नको, पायरी तुटली तर तुटली, परत करू. नोकरी गेली तर दुसरी मिळेल, ते पाप कुठं फेडलं असतं आपण?

त्यानं ‘आपण’ म्हटलं. नवनाथला रडू फुटायचंच बाकी होतं. आता सांगायचंच, असं म्हणून त्यानं तोंड उघडलंही, आणि काय बाहेर पडलं? “जाऊ का पुढं?” इतकंच. नदीमनं स्कॅनर उचलून पुसला आणि जाऊ म्हणाला.

नारायणगावपर्यंत जाऊन त्यांनी गाडी फिरवली. परतीच्या वाटेवर ऐंशीवरून तिसावर तीनदा आणली. या वेळी नवनाथ लांबवर कुत्रं दिसलं तरी ब्रेकवर पाय ठेवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. नदीमनं एकदाही घाई केली नाही. साडेतीन वाजून गेल्यावर राजगुरुनगरच्या अलीकडे पाचवं ‘तयार’ आलं. नदीमनं डोळे मिटून दोन्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवले आणि हसीनाला फोन लावला. झालं, सगळं झालं, असं तो तिला सांगत होता. नवनाथच्याही छातीवरची धोंड उतरली. सुटलो, त्याला वाटलं. चाकणच्या चौकात त्यानं नदीमसाठी चहा घेतला, इंजिन चालूच ठेवून. आपण जगातले फार चांगले मित्र आहोत असं त्याला पाच मिनिटं वाटत राहिलं.

पावणेपाचला गाडी शेडमध्ये शिरली. निरंजन साहेब वाट बघत उभेच होते. त्यांनी स्कॅनर हातात घेतला, पाचही बघितले, बरं म्हणाले. मग त्यांनी आणखी एक बटण दाबलं. त्या कॉम्प्युटरमधली एक गोष्ट कुणालाही पुसता येत नाही: मागचं पुसलं गेल्यापासून गाडी किती चालली ते तो मोजत असतो. आकडा आला एकशे अठरा. साहेबांनी गेटवरची वही मागवली. सकाळी गाडी बाहेर पडतानाचं रीडिंग आणि आत्ताचं रीडिंग, मधलं अंतर एकशे अठरा.

म्हणजे गाडी शेडमध्ये उभी असतानाच पुसली, साहेब म्हणाले. काल दुपार ते आज सकाळ. स्कॅनर एकाच कपाटात होता आणि किल्ली एकाकडेच. त्यांनी नदीमला तिथंच सांगितलं की गाडी तयार केलीस, उपकार झाले, पण असला माणूस मला नको. कपाटाची किल्ली ठेव आणि उद्यापासून येऊ नको.

नदीमनं वाद घातला नाही. माझ्याच हातून झालं असेल साहेब, आठवत नाही, इतकंच तो म्हणाला आणि खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून त्यातली एक सोडवायला लागला. कडी घट्ट होती. नखानं निघेना. तो पाठमोरा होऊन दाराच्या उजेडात ती ओढू लागला.

त्या पाठीकडे बघवलं नाही नवनाथला. दिवसभराची भीती एकदम वर आली, आणि तिच्या मागोमाग ते पाच शब्दही आले.

“साहेब, तार म्या सोडली होती.”

मग सगळंच बाहेर पडलं. भैरूअण्णांचा नेम, दहा नंबरचा पाना, रात्रभर सुटी तार, सकाळी लावलेलं घड्याळ. बोलताना तो जमिनीकडे बघत होता. आता पत्र परत मागतील, आता हाकलतील, असं प्रत्येक वाक्याला वाटत होतं. साहेब ऐकत राहिले. आणि ऐकून झाल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. अरे मूर्खा, म्हणाले, एवढंच? मग सकाळीच का नाही बोललास? दोन मिनिटांत मिटलं असतं! शेडमधली निम्मी माणसं काही ना काही करतात खंडेनवमीला. पुन्हा बॅटरीला हात लावलास तर बघ. पत्र राहू दे तुझ्याकडं. नदीम, किल्ली ठेव खिशात, बाबा, माझं चुकलं.

इतकं सोपं होतं ते. नवनाथला हसावं की रडावं कळेना. ज्या राक्षसाला तो सकाळपासून पाठीवर घेऊन फिरत होता, तो साहेबांच्या एका चापटीत पळाला होता. त्यानं मान वर केली आणि नदीमकडे बघितलं, जरा हसलासुद्धा.

नदीम हसला नाही. तो त्याच्याकडे बघत होता, पण रागानं नाही. काहीतरी जुळवून बघत असल्यासारखा बघत होता. किल्ली अजून त्याच्या बोटांत होती.

“त्या बाईच्या वेळेला तुझा डोळा लागला नव्हता,” तो हळू आवाजात म्हणाला. “तू जागाच होतास.”

नवनाथनं नजर जमिनीकडे वळवली, आणि नदीमला तेवढं पुरलं.

नदीम साहेबांकडे वळला. उद्या तपासणीला मी जातो, म्हणाला, पण गाडी दुसऱ्या कुणाला चालवायला द्या. याच्या शेजारी मी बसणार नाही.

साहेबांनी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

“कोणती बाई?” त्यांनी विचारलं.

नदीम बोलला असता तर सोपं झालं असतं. पण तो बोलला नाही. त्यानं किल्ली जुडग्यात परत घातली, डब्याची पिशवी उचलली आणि नळावर हात धुवायला निघून गेला. शेडमध्ये साहेब आणि नवनाथ दोघंच उरले. उडवून लावायला सोपं होतं. कुणी नाही साहेब, रस्त्यात एक म्हातारी आडवी आली होती, एवढं म्हटलं की भागलं असतं. अवसरी फाट्याची ती म्हातारी काही खराबवाडीला साक्ष द्यायला येणार नव्हती.

नवनाथला पुन्हा भीती वाटली. सकाळच्यापेक्षा जास्त वाटली, कारण या वेळी साहेब कपाळावर हात मारून सोडून देणार नव्हते. त्यानं खिशातलं पाकीट काढलं, साहेबांसमोरच्या टेबलावर ठेवलं आणि पासष्टच्या वेगाला ती त्याला पहिल्यांदा दिसली होती तिथपासून सांगायला सुरुवात केली.